वाटेत अडकलेला निरोप

माणदेशातल्या एका उजाड माळावर शंभर-सव्वाशे घरांचं गाव होतं. तिथं सिदाप्पा मोटे नावाचा शेतकरी राहायचा. माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का, पण रागीट. त्याच्या गोठ्यात खिलार जातीचा एक बैल होता. त्याचं नाव पाखऱ्या. अंगानं पांढराशुभ्र, चालायला चपळ. पण पंचक्रोशीत त्याचं नाव झालं होतं ते शिंगांमुळं. दोन्ही शिंगं मुळापासून मागं झुकलेली, मग वर वळलेली, टोकाला सुईसारखी. एकाच मापाची. सिदाप्पा ती शिंगं महिन्याला साळायचा, तासून गुळगुळीत करायचा, रोज त्यांना तेल चोळायचा. बेंदूर म्हणजे बैलांचा सण; त्याच्या मिरवणुकीत पाखऱ्या सगळ्यांच्या पुढं असायचा.

पाखऱ्याला कुणी नावं ठेवलेली सिदाप्पाला खपत नसत. एकदा एका पाहुण्यानं म्हटलं, "बैल चांगला हाय, पण मागच्या पायात जरा आखूड वाटतो." सिदाप्पा ताटावरनं उठला. दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. पाहुणा निघून गेला, पण ते दोन दिवस सोसले त्याच्या बायकोनं, आनसाबाईनं. तेव्हापासून तिनं एक गोष्ट मनाशी धरली होती. नवऱ्याच्या कानावर वाईट काही जाऊ द्यायचं नाही.

घरात तिसरं माणूस म्हणजे सून, जिजा. लग्नाला वर्ष झालं होतं. नवरा सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात दूर परमुलखात, सहा-सहा महिने तिकडंच. गोठा झाडणं, शेण काढणं, वैरण टाकणं ही कामं जिजाकडं होती. त्यामुळं पाखऱ्याला रोज सगळ्यात जवळून बघायची ती जिजाच.

उन्हाळा सरत आला होता. एका सकाळी जिजाला दिसलं की पाखऱ्या डोकं एका अंगाला कलतं धरतोय. मध्येच झटकतोय. उजवं शिंग खांबाला घासतोय. तिनं शिंगाच्या बुडाशी हात लावून पाहिला. डावं शिंग थंड होतं, उजवं गरम लागलं. पाखऱ्यानं हात लागताच मान काढून घेतली. एरवी तो तिच्या हाताला मान द्यायचा.

जिजा चुलीपाशी आली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, पाखऱ्याच्या उजव्या शिंगात कायतरी हाय. बूड गरम लागतंय. मामांना सांगा की."

"कानात गोचीड गेली असंल," आनसाबाई म्हणाली. "जातंय आपसूक."

"गोचीड न्हाई. मी कान बघितला."

"बेंदूर तोंडावर आलाय, पोरी. आत्ता त्यांच्या म्होरं ह्यो विषय काढू नगं."

जिजा गप्प बसली. सासऱ्याशी थेट बोलायची त्या घरात रीत नव्हती. सुनेनं सासूला सांगायचं, सासूनं सासऱ्याला. तिनं आपलं काम केलं असं तिला वाटलं.

आठ दिवसांनी गव्हाणीत रक्ताचा बारीक डाग दिसला. जिजानं सासूला हाताला धरून आणलं आणि दाखवला. आनसाबाईनं इकडं तिकडं पाहिलं, पदराचा शेवट पाण्यात बुडवला आणि डाग पुसून टाकला.

"कडब्याचा धस लागला असंल नाकात," ती म्हणाली. पण ह्या वेळी तिनं सुनेच्या डोळ्यांकडं पाहिलं नाही.

बेंदूर आला. पाखऱ्याची शिंगं रंगवली, बेगड लावली, टोकांना गोंडे बांधले. ढोल वाजायला लागले. देवळापासून निघून मिरवणूक वेशीपर्यंत आली आणि पाखऱ्याच्या उजव्या नाकपुडीतनं रक्ताचे चार थेंब धुळीत पडले. ते सिदाप्पानं पाहिले. त्यानं चटकन पायानं माती ओढली आणि बाहीनं बैलाचं नाक पुसलं. शेजारच्यानं विचारलं, "काय झालं रं?" सिदाप्पा म्हणाला, "काय न्हाई. ऊन लागलंय."

म्हणजे आता घरातली तिन्ही माणसं तेच जाणून होती, पण सासू-सून सिदाप्पापासून लपवत होत्या आणि सिदाप्पा त्यांच्यापासून.

पुढच्या पंधरवड्यात रंग खरवडून निघाला तसं उजवं शिंग बाजूला कललेलं दिसू लागलं. बुडाशी ते हलत होतं. घाण वास यायला लागला. पाखऱ्यानं वैरण सोडली. तेव्हा कुठं सिदाप्पा तालुक्याला गेला आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मुलाणींना घेऊन आला.

रेश्मा मुलाणी तिशी ओलांडलेल्या बाई. मोटारसायकलवरनं वाड्या-वस्त्या फिरायच्या. बोलणं थोडं, हात चपळ. त्यांनी पाखऱ्याचं डोकं काखेत धरलं, शिंग हळूच हलवलं, नाकपुडीत बॅटरी मारली आणि सरळ सांगितलं.

"अप्पा, शिंगाचा कॅन्सर आहे. शिंग काढावं लागेल."

सिदाप्पानं पाखऱ्याच्या दाव्यावर हात ठेवला. मग तो म्हणाला, "औषद द्या. लेप द्या. काय महाग असंल ते द्या. शिंग न्हाई."

"लेप वरनं लागतो. हे आतनं आलंय."

"बाई, शिंग कापल्यालं खिलार कुणी बघितलंय का?"

"मी बघितलेत. नांगर ओढताना," डॉक्टर म्हणाल्या. "आणि शिंगं शाबूत ठेवून मेलेलेही बघितलेत. परवा सकाळी येते. तोवर ठरवा."

त्या दिवशी सिदाप्पा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिला. पाखऱ्यापुढं त्यानं हिरवा मका टाकला. पाखऱ्यानं तो हुंगला, तोंड उघडलं आणि परत मिटलं. डोकं खाली घातलं ते वर काढलंच नाही. आजवर सिदाप्पानं त्या बैलाची शिंगंच पाहिली होती. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा त्याचे डोळे नीट पाहिले. दोन्ही डोळ्यांतनं पाणी वाहून गालावर काळे ओघळ आले होते.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकलचा आवाज आला तसा तो उठून समोर गेला. "कापा," तो म्हणाला. एवढंच.

चार गडी लावून पाखऱ्याला कडब्याच्या गादीवर पाडला. डॉक्टरांनी शिंगाच्या बुडाशी भुलीची इंजेक्शनं दिली. तारेच्या करवतीनं शिंग उतरवलं. आत जिथं पोकळी असायला हवी होती तिथं फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं गुलाबी, कुजकं मांस भरलेलं होतं. डॉक्टरांनी ते निपटून काढलं, जखम धुतली, कातडं ओढून टाके घातले. सिदाप्पा सगळा वेळ पाखऱ्याची मान मांडीवर धरून बसला होता. त्यानं तोंड फिरवलं नाही.

काम झाल्यावर डॉक्टरांनी त्या काढलेल्या मांसाचे स्वच्छ तुकडे निवडले आणि बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवले.

"ही घाण कशाला जपून ठेवताय?" सिदाप्पानं विचारलं.

"आपण खेळतोय त्यातला अर्धा डाव झाला," डॉक्टर हात धूत म्हणाल्या. "मुळं कपाळाच्या हाडापर्यंत गेलीत. तिथं माझी सुरी पोहोचत नाही. तिथं पोहोचेल ते फक्त पाखऱ्याचं स्वतःचं रक्त. त्याला जागं करायचंय."

जिजा बादली घेऊन उभी होती. ती तिथंच थांबली. आनसाबाई दारात होती.

"तुमच्या पायाला काटा लागून पिकला की जांघेत काय येतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"अवधाण."

"का येतं? काटा तर टाचेत असतो."

थर्मासचं झाकण घट्ट लावत डॉक्टरच पुढं सांगू लागल्या.

"अंगात राखणदार पेशी असतात, अप्पा. काही पेशी नुसत्या हिंडून बघतात. काही वावगं दिसलं की त्याचा तुकडा घेऊन त्या जांघेतल्या, काखेतल्या, मानेतल्या गाठीत जातात आणि तिथल्या पेशींना दाखवतात. तिथं लढणाऱ्या पेशी तयार होतात. त्यांना तोंड नाही, पण निरोप आहे. एक पेशी एक रस सोडते, दुसरी तो ओळखते आणि पुढं कळवते. निरोप पोहोचला की ती गाठ सुजते. तेच तुमचं अवधाण."

"मग पाखऱ्याच्या अंगात राखणदार न्हाईत व्हय?"

"आहेत. पण कॅन्सर हा बाहेरनं आलेला काटा नाही. त्याच्याच अंगातल्या पेशी, बिघडलेल्या. घरातल्यासारख्या दिसतात, म्हणून लवकर ओळखू येत नाहीत. कुणी ओळखलंच, तर निरोप वाटेत अडकतो. आणि एखादी लढणारी पेशी तिथवर पोहोचलीच, तर ही गाठच तिला उलटा निरोप देते. सगळं ठीक आहे, मागं फिर. ती बिचारी मागं फिरते."

आनसाबाईनं दाराची चौकट धरली.

"ह्या तुकड्यांतल्या पेशी मारून त्यांची लस करतात," डॉक्टर म्हणाल्या. "ती कातड्याखाली दिली की राखणदारांना ते पुन्हा दिसतं, या वेळी ठळक. निरोप पुन्हा निघतो. सगळ्याच जनावरांना गुण येतो असं मी सांगणार नाही. काहींना येतो." मग त्यांनी वही काढली. "मला एक खरं सांगा. हे पहिल्यांदा कधी दिसलं?"

"बेंदराला," सिदाप्पा म्हणाला.

"नाही. ही वाढ एवढ्यातली नाही. त्याच्या आधी कुणीतरी पाहिलं असणार."

पाखऱ्यानं कडब्यावर एक लांब श्वास सोडला. मग जिजानं बादली खाली ठेवली.

"मी बघितलं, मामा," ती म्हणाली. सासऱ्याशी थेट बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. "उन्हाळ्यात. शिंग गरम लागलं तवाच. मग गव्हाणीत रगत बी दिसलं."

"मग सांगितलं का न्हाई?" सिदाप्पाचा आवाज चढला.

"सांगितलं व्हतं."

"कुणाला?"

उत्तर दारातनं आलं.

"मला," आनसाबाई म्हणाली. "दोन बार सांगितलं तिनं. मीच म्होरं सांगितलं न्हाई. रगताचा डाग ह्या पदरानं पुसला." पदराचं ते टोक तिनं पुढं धरलं. "तुमी ऐकलं असतं का? खरं सांगा. पायात आखूड म्हणल्यावर दोन दिस बोलला न्हाई. शिंगात रोग हाय म्हणल्यावर काय केलं असतं?"

चार गडी दोर गुंडाळता गुंडाळता थांबले. सिदाप्पाच्या कपाळाची शीर फुगली. सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी फेकणार. त्याचा हात खरंच शेजारच्या लोखंडी बादलीवर गेला होता.

पण त्याच्या मांडीवर पाखऱ्याची मान होती. उठायचं म्हटलं तर ती खाली आपटली असती. तो तसाच बसला. आणि बसल्या बसल्या त्याला धुळीतले ते चार थेंब आठवले. त्यांच्यावर माती कुणी ओढली होती? ऊन लागलंय असं कुणी म्हटलं होतं?

त्यानं बादलीवरचा हात काढून पाखऱ्याच्या मानेवर ठेवला. "न्हाई. ऐकलं नसतं." आणि डॉक्टरांकडं वळून म्हणाला, "लिवा, बाई. उन्हाळ्यापास्नं. घरात दिसलं व्हतं. माझ्यापतूर आलं न्हाई, कारण मी येऊ दिलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं सिदाप्पा स्वतः थर्मास घेऊन शहरातल्या जनावरांच्या कॉलेजात गेला. अख्ख्या वाटेत त्यानं तो मांडीवरनं खाली ठेवला नाही. दोन ठिकाणी उतरून बर्फ घातला. आठवड्यानं पुन्हा जाऊन लसीच्या कुप्या घेऊन आला.

त्या आठवड्यात त्यानं घरात एक नवी रीत घातली. सकाळी गोठ्यातनं आल्यावर जिजानं थेट त्याच्यासमोर यायचं आणि जे पाहिलं ते सांगायचं. चांगलं असो, वाईट असो. सांगताना काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही.

"आणि मी रागावलो तर?" तो म्हणाला, "तर परत सांग. मोठ्यांदा सांग."

पहिलं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी जिजा आली. "मामा, अंग तापलंय. रवंथ कमी केलाय."

सिदाप्पाची मूठ आवळली. पण त्यानं विचारलं, "आणिक?"

"जबड्याखाली गाठ सुजलीया. लिंबाएवढी."

त्यानं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, "ताप आला? चांगलं. जाग आल्याचं ते लक्षण आहे. ताप फार चढला तर मात्र लगेच कळवा."

दुसरं इंजेक्शन झालं, तिसरं झालं. गावातली जुनी माणसं येऊन बसायची. एक जण म्हणाला, "सिदाप्पा, लोखंड लाल करून डाग दे. आमच्या आज्यानं तसंच केलं व्हतं." दुसरा म्हणाला, "त्या पोरीच्या बोलण्यावर काय चाललायस? बैल बाप्यानं बघायचा असतोय." सिदाप्पानं सगळ्यांना चहा पाजला आणि डाग दिला नाही.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर पाचव्या दिवशी जिजा आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. चांगलं काहीतरी सांगावं असं तिला वाटलं असणार. पाखऱ्यानं दोन पेंढ्या खाल्ल्या होत्या, तेही खरंच होतं.

"काय हाय ते सांग," सिदाप्पा म्हणाला.

"जखमेची कड फुगलीया, मामा. कालच्यापरीस जास्त. आतनं वर आल्यागत दिसतंय."

आनसाबाईच्या हातातली परात खाली आली. सिदाप्पा उठून गोठ्यात गेला. जिजा म्हणाली तसंच होतं. शिंग गेलेल्या जागी टाक्यांच्या कडेनं लाल, टणक फुगवटा आला होता. रोग परतला होता, असंच कुणीही म्हटलं असतं.

डॉक्टर आल्या. त्यांनी फुगवटा दाबून पाहिला, ताप पाहिला, जबड्याखालची गाठ चाचपली. "दोन गोष्टी असू शकतात," त्या म्हणाल्या. "एक, रोग वाढतोय. दुसरी, लढणाऱ्या पेशी तिथं जमा झाल्यात म्हणून सूज आहे. वरनं दोन्ही सारखंच दिसतं. तुकडा तपासायला पाठवते. पण उत्तर यायला आठ-दहा दिवस लागतील, आणि चौथं इंजेक्शन उद्या आहे. द्यायचं की थांबायचं?"

"तुमी काय म्हणता?"

"मी द्या म्हणेन. पण खात्री देणार नाही."

सिदाप्पा जिजाकडं वळला. गावातल्या कुणाला त्यानं विचारलं नव्हतं, ते तिला विचारलं. "तू रोज बघतीस. तुला काय वाटतंय?"

जिजानं विचार केला. "कड फुगलीया, पर वास गेलाय, मामा. नाकातनं रगत बी चार दिस झालं आलेलं न्हाई. आणि आज त्यानं माझ्या हाताला मान दिली."

"द्या," सिदाप्पा म्हणाला.

चौथं इंजेक्शन झालं. मग आठ दिवस सिदाप्पानं दात खाऊन काढले. रोज सकाळी जिजा यायची. तेवढीच कड. आज पण तेवढीच. आज थोडी मऊ लागली. आज कडेला खपली धरली. प्रत्येक वाक्य तो ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. कधी उठून अंगणात दोन फेऱ्या मारायचा, पण तोंडातनं वाकडा शब्द काढायचा नाही. नवव्या दिवशी कॉलेजातनं फोन आला. तुकड्यात कॅन्सरच्या पेशी होत्या, पण मेलेल्या जास्त आणि जिवंत थोड्या. आणि त्यांच्याभोवती लढणाऱ्या पेशींची दाट गर्दी होती.

"निरोप पोहोचला, अप्पा," डॉक्टर मुलाणी म्हणाल्या. "आता इंजेक्शनं पुरी करायची. आणि वर्षभर नजर ठेवायची. हा रोग पुन्हा येऊ शकतो, हे विसरायचं नाही."

आणखी चार इंजेक्शनं झाली. फुगवटा बसला, जखम भरली, कातडं एकजीव झालं. ज्वारीच्या पेरणीला पाखऱ्या दुसऱ्या बैलाबरोबर कुरीला जुंपला. एका शिंगाचा बैल बघून येणारे-जाणारे थांबायचे. काही हसायचे. सिदाप्पा कासरा हातात घेऊन पेरणीची ओळ धरायचा आणि पुढं जायचा.

दिवाळी सरली, ज्वारी गुडघ्याला लागली. एका सकाळी जिजा भाकरी थापत होती. आनसाबाई शेजारी बसून पीठ चाळत होती. बराच वेळ ती एकाच जागी चाळणी हलवत राहिली. मग तिनं चाळणी ठेवली, जिजाचा पिठाचा हात धरला आणि आपल्या चोळीच्या डाव्या बाजूला, छातीवर ठेवला.

जिजाच्या बोटांना गाठ लागली. सुपारीएवढी, टणक.

"कवापास्नं?" तिनं हळू विचारलं.

"दिवाळीच्या आदीपास्नं. दुखत न्हाई. म्हणून म्हटलं, असंल कायतरी." आनसाबाईनं चोळी सारखी केली. "तुला सांगितलं. बास झालं. त्यांना सांगू नगं. आत्ता कुठं बैलाचं आवरलंय."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. जिजानं ती उतरवली, विस्तव ओढला आणि उभी राहिली.

"आत्याबाई, मागल्या टायमाला मी तुमाला सांगून गप बसले," ती म्हणाली. "सांगितलं की माझं काम झालं, असं वाटलं मला. ते चुकलं. आज मी तुमचं ऐकणार न्हाई."

ती तशीच पिठाच्या हातानं शेतात गेली. सिदाप्पा ज्वारीतलं तण कोळपत होता. तिनं बांधावरनं हाक मारली आणि जवळ जाऊन सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

सिदाप्पानं ओळ अर्धी टाकून कोळपं थांबवलं. बैल सोडले. "गाडी कितीला हाय?" एवढंच त्यानं विचारलं. दुपारच्या आत तिघं तालुक्याच्या दवाखान्यात होते, आणि दोन दिवसांत जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात.

तपासण्या झाल्या. गाठ कॅन्सरचीच निघाली. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून पाहिले आणि म्हणाले, "लहान आहे. काखेतल्या गाठींत उतरलेला दिसत नाही. ऑपरेशन करू, मग औषधं. चांगल्या वेळी आलात. बाया बहुतेक वर्ष-दीड वर्ष लपवून मग येतात. यांना कुणी आणलं?"

"सुनंनं," सिदाप्पा म्हणाला.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी आनसाबाई उशीला टेकून बसली होती. जिजा खाली औषध आणायला गेली होती. सिदाप्पा स्टुलावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"तुमी रागावाल असं वाटलं मला," आनसाबाई म्हणाली. "म्हणून बोलले न्हाई."

सिदाप्पानं स्टूल खाटेजवळ ओढलं.

"किती वरसं झाली आपल्या लग्नाला?" त्यानं विचारलं.

"तेहतीस."

"तेहतीस वरसांत काय काय सांगायचं ऱ्हायलं असंल ते सांग," तो म्हणाला. "दुखलेलं, खुपलेलं, सगळं. मी हितंच बसतोय."

आनसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. खरंच बसतोय का, हे ती पाहत होती. तो हलला नाही. मग तिनं बोलायला सुरुवात केली. जिजा औषध घेऊन आली, दाराशी थबकली आणि आत न जाता बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आत आनसाबाई बोलत होती आणि सिदाप्पा ऐकत होता. दुपारच्या जेवणाची गाडी येऊन गेली, तरी दोघं उठले नाहीत.

तात्पर्य: शरीर असो वा घर, संकट कुणालातरी आधी दिसतंच, ज्याला दिसलं त्यानं ते पोहोचेपर्यंत सांगत राहावं, मधल्यानं ते अडवू नये, आणि ज्याच्यापर्यंत पोहोचायचं त्यानं ऐकून घेण्याइतकं मन मोठं करावं.